सोयाबीनचे पैसे, पगार आणि धोंड्याचा महिना

१६ जानेवारी २०२६, शुक्रवार. लातूर

संक्रांत झाली, किंक्रांत झाली, आता रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला या घरून त्या घरी. रविवारी आमच्याकडं आहे. वाण आणून ठेवलंय, तिळाच्या पोळ्या अजून डब्यात आहेत, आणि आज जरा निवांत वेळ मिळाला म्हणून नवीन कालनिर्णय घेऊन बसले तर सरळ मे महिन्याचंच पान उघडलं. १७ मे ते १५ जून. अधिक ज्येष्ठ. म्हणजे धोंड्याचा महिना आला की!

मागचा अधिक महिना २०२३ ला आला होता, तो श्रावणात. तेव्हा लेकराची फी भरून झाली होती, पेरण्या उरकलेल्या होत्या, त्यामुळं जावई-नणंद सगळं व्यवस्थित झालं, फार जाणवलं नाही. यंदा मात्र नेमका मे-जूनमध्ये. म्हणजे शाळेची फी, वह्या-पुस्तकं, दप्तर, गावाकडं बी-खत आणि वरून धोंडे. आणि अधिकात लग्नं नसतात म्हणून सगळी लग्नं त्याच्या आधी उरकून घेणार लोक, मग एप्रिलपासून १६ मेपर्यंत आहेराची पाकिटं भरता भरता नाकी नऊ येणार. ज्यांनी पंचांग बनवलं त्यांच्या घरी पेरणी नसावी असं वाटायला लागलंय.

आता आमच्या घरातली पैशाची तऱ्हा लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी मलाच कामाला येईल. मी एका क्लासच्या ऑफिसात आहे, माझा पगार सात-आठ तारखेला. ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, त्यांचं काम जानेवारी ते मे, कारण तेव्हा विहिरी-बोअरच्या मोटारी दिवसरात्र चालतात, लाईट कमी-जास्त होते आणि मोटारी जळतात. लोकाची मोटार जळली की आमच्या घरात किराणा भरतो, काय करता. एकदा का पाऊस लागला की दुकानात माणूस फिरकत नाही. आणि गावाकडं भाऊजी शेती बघतात, तिथला पैसा सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आगंमागं.

आणि सण कधी? नागपंचमी, राखी, पोळा, गणपती, महालक्ष्म्या (म्हणजे गौरी), नवरात्र, दसरा. सगळे पावसाळ्यात. म्हणजे श्रावण ते दसरा हे आमच्या घरात सगळ्यात जास्त सणांचे आणि सगळ्यात कमी पैशांचे दिवस. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं इथं खर्चाला धरबंध नाही म्हणून ओढाताण होती. तसं काही नव्हतं. खर्च बेताचाच होता, पैसा फक्त चुकीच्या महिन्यात येत होता. आत्याबाई (माझ्या सासूबाई) पोळ्याला बैलाची झूल, घागरमाळा, बेगड सगळं उधारीवर आणायच्या आणि सोयाबीन गेलं की दुकानदाराचं फेडायच्या. त्यात लाज कुणालाच वाटत नव्हती, अख्खं गाव तसंच करायचं. पण दुकानदार उधारीवाल्याला भाव वेगळा लावतो ना, तिथं मार बसतो. रोखीत घासाघीस करता येते, उधारीत देईल ते घ्यायचं.

म्हणून आम्ही आता एवढंच करतो. उन्हाळ्यात दुकानाचा गल्ला चांगला असतो तेव्हाच त्यातला ठरलेला भाग दर आठवड्याला पोस्टात. पोस्टाचं बचत खातं, व्याज ४ टक्के, त्यानं कोणी श्रीमंत होत नाही. पण त्या खात्याला मोबाईल जोडलेला नाही, पैसे काढायचे तर उन्हात जाऊन स्लिप भरून रांगेत उभं राहावं लागतं, आणि ह्यांना रांगेचा एवढा कंटाळा की पैसे आपोआप शिल्लक राहतात. ह्यांनीच त्याला नाव ठेवलंय, महालक्ष्म्यांचं खातं.

महालक्ष्म्या म्हणजे आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठं काम. भावकी सगळी गोळा होते, सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, आंबील, फुलोरा, सवाष्णी. दोघींना नवीन साड्या. या साड्यांवरून लई वर्षं बोलणी व्हायची की एवढी भारी कशाला. मग मी एकदा जाऊबाईंना म्हणलं, हे बघा, या साड्या शेवटी आपण दोघीच नेसणार, मग आपण दसऱ्याला साडी घ्यायची नाही, जी महालक्ष्मीला तीच आपली. त्या हसल्या, म्हणाल्या, "बरं सुचतंय की गं तुला." तेव्हापासून रंगसुद्धा आपल्याला शोभतील असे निवडतो. देवीनं काही तक्रार केली नाही.

आणि येळवस! (शहरातले लोक वेळ अमावस्या म्हणतात, म्हणू दे.) गेल्या महिन्यात झाली. लातूर अख्खं बंद, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सगळे शेतात. त्याचा हिशोब मी या वेळी मुद्दाम वहीत मांडला कारण मला बघायचंच होतं. कडब्याची कोप, तो घरचा. पाच पांडव म्हणून मांडायचे दगड बांधावरचे. भज्जीला हरभऱ्याचा पाला, तुरीच्या शेंगा, वाल, वाटाणा, गाजर, मेथी, चिंच, त्यातलं निम्मं रानातलं, थोडं शेजाऱ्याच्या रानातलं. उंड्याला बाजरी, आंबिलाला ज्वारीचं पीठ आणि घरचं ताक. खिरीचा गहू घरचा, गूळ विकत. शेंगदाण्याच्या पोळ्या. विकत आणलं म्हणावं तर गूळ, बेसन, थोडा मसाला आणि आमचं लातूरहून जायचं-यायचं पेट्रोल. पन्नासएक माणसं जेवली असतील, त्यात ओळखीचे किती अन् वाटेनं जाताना हाक मारून बसवलेले किती ते देवाला माहीत. भाऊजी तर मोटारसायकल थांबवून लोकांना ओढून आणायलेत. डब्यात भज्जी भरून आणली ती लातूरात दोन दिवस पुरली. वर्षातला सगळ्यात मोठा जेवणाचा सण आणि वहीत त्याची एक ओळ. हे बघून वाटतं की आपण ज्याला सणाचा खर्च म्हणतो त्यातला सणाचा कमी आणि देण्या-घेण्याचा, दाखवण्याचा जास्त.

अर्थात येळवस स्वस्त पडते ती रान आहे म्हणून. ज्यांचं रान नाही त्यांना भाज्या बाजारातून आणायच्या म्हणलं तर त्या दोन-तीन दिवसांत भाव काय असतो ते विचारूच नका. आणि रान असूनही गेलं वर्ष सोपं नव्हतं. सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यानं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, जे हाती लागलं ते डागी. हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, ऐकायला गोड. पण त्याला ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे, माल स्वच्छ पाहिजे, नोंदणी, नंबर, आणि मग पैशाची वाट. भाऊजींनी दिवाळीच्या तोंडावर आडतीवर घातलं, भाव बराच खाली मिळाला, पण रोख मिळाला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. मजुरीचे पैसे मागायला माणूस दारात उभा असताना हमीभाव काय करायचा.

त्या दिवाळीत आमच्या घरी नवीन मोबाईलचं चाललं होतं. दुकानदार म्हणतो व्याज शून्य, फक्त हप्ते. ह्यांना पटलंच होतं. मी विचारलं, रोख दिले तर किती? तर लगेच किंमत कमी! म्हणजे हप्त्यात तो डिस्काउंट गेला, तेच व्याज. वरून प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर बँक जे व्याज दाखवते त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो काही कुणी परत देत नाही. शून्य-बिन्य काही नसतं, फुकट वाटायला काय दुकान टाकलंय का त्यानं. आम्ही घेतला नाही तेव्हा, मार्चमध्ये दुकानाचा हंगाम भरात असतो तेव्हा रोखीनं घेऊ. जुनाच चालायलाय अजून, मागची काच तडकलेली आहे पण बोलायला काच लागत नाही.

मात्र एक गोष्ट, मजेला मी कात्री लावू देत नाही. रील बघावी तर कुणीतरी सांगायलेला असतो की रोजचा चहा सोडा, बाहेरचं खाणं सोडा, तीस वर्षांनी करोडपती व्हाल. तीस वर्षं चहा न पिता जगून मग त्या करोडचं करायचं काय? आमच्याकडं पगार झाला की २,००० रुपये नोटांमध्ये काढून स्टीलच्या डब्यात टाकते. त्याचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही. त्यातून रविवारचा निलंगा राईस, कधी पिक्चर, लेकराचं आईस्क्रीम, ह्यांचे मित्रांसोबतचे चहा. डबा रिकामा झाला की घरी चुरमुऱ्याचा सुशीला, तो पण काय वाईट नसतो, वरून शेंगदाणे अन् लिंबू पिळला की लेकरू हॉटेलला विसरतंय. नोटा कामून, मोबाईलवरून का नाही, तर मोबाईलवरून पैसे जाताना दिसत नाहीत. डब्यात हात घातला की कळतं की खाली पत्रा लागायला लागला.

वाण पण परवा त्याच हिशोबानं आणलं. गंजगोलाईत गेले, त्या सोळा रस्त्यांपैकी ज्या बाजूला भांड्यांची दुकानं आहेत तिकडं. मागच्या वर्षी सगळ्यांनी प्लॅस्टिकचे डबे वाटले, माझ्याकडं तेच तेच किती जमले, झाकणं कुठली कुणाची पत्ता नाही. यंदा मी चहाची गाळणी घेतली. स्टीलची. दुकानदार डझनाचा भाव सांगत होता, मी म्हणलं तीन डझन घेते आणि उरल्या तर रथसप्तमीनंतर परत घ्यायच्या. तो म्हणाला, "ताई, वाण परत घ्यायला बसलो तर आमचंच हळदीकुंकू व्हायचं." पण भाव कमी केला. गाळणी कुणी माळ्यावर टाकत नाही, रोज हातात येते.

आता खरा प्रश्न भिशीचा. आमच्या गल्लीची भिशी, १२ जणी, महिना २,०००, म्हणजे एकीला एका वेळी २४,०००. जाऊबाईपण यात आहेत, लाडक्या बहिणीचे १,५०० आले की त्यात ५०० घालून पाठवतात, ते कधी येतील त्याचा नेम नसतो म्हणून एखाद्या महिन्यात मी आधी भरते. चिठ्ठी नाही, लिलाव नाही, कुणाला कधी गरज आहे ते बसून ठरवायचं. व्याज शून्य, आणि हे मात्र खरंखुरं शून्य. कागद काही नाही, सगळा विश्वासावर कारभार, त्यामुळं ओळखीच्या बाहेर मी कधी जाणार नाही, लिलावाच्या भिशीत तर मुळीच नाही. दरवर्षी मी ऑगस्टचा नंबर मागते आणि मिळतो, महालक्ष्म्यांना पोस्टातले पैसे कमी पडले तर आधार होतो.

यंदा मात्र सगळ्याच जणींना मे पाहिजे. धोंडा! कुणाचा जावई नवा आहे, कुणाला चांदीचं ताम्हण द्यायचंय, कुणाच्या सासूनं ३३ अनारशांसोबत आणखी काय काय सांगून ठेवलंय. एक जण तर म्हणाली माझा जावई पहिल्यांदा येतोय, मला द्या नाहीतर मी भिशीच सोडते. मी मनात म्हणलं, एवढी चांदी महाग झालेली असताना जावयाला समई दे, तो काय वजन करून बघणाराय का. पण बोलले नाही. आमच्याकडं पण आक्का, म्हणजे माझ्या नणंदबाई, येणार आहेत, त्यांना साडी अन् त्यांच्या मालकांना कपडे अन् दिव्याचं दान, आत्याबाईंचं म्हणणं आहे की हे चुकवायचं नाही. ठीक आहे, चुकवू नका. पण ते १७ मेलाच का, १४ जूनला का नाही? महिनाभर कधीही चालतं. माझा जूनचा पगार सात-आठ तारखेला आलेला असेल. हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "आक्काला दहा तारखेनंतर बोलव मग, ती काय पळून जातीय?" एवढं सोपं होतं ते.

अधिक महिन्याचा एक फायदा मात्र कालनिर्णयात पुढं पानं उलटताना दिसला. गणपती मागच्या वर्षी २७ ऑगस्टला होते, यंदा १४ सप्टेंबरला. दसरा २ ऑक्टोबरवरून २० ऑक्टोबरला गेला. म्हणजे पावसानं घात केला नाही तर दसऱ्याच्या आधी सोयाबीन घरात येईल, आणि लक्ष्मीपूजन तर थेट ८ नोव्हेंबरला. यंदा दसऱ्याला भाऊजींच्या हातात पैसा असेल. म्हणजे ओढाताण मे-जूनची, ऑक्टोबरची नाही. मग मला ऑगस्टचा नंबर खरंच लागतो का?

महालक्ष्म्यांना पोस्टातलं पुरलं पाहिजे, एवढं बघावं लागेल. उद्या भाऊजींना फोन करून विचारते बियाणं घरचंच पेरणार का विकतचं, खताला मेमध्येच पैसे लागणार का पहिला पाऊस पडल्यावर. जूनमध्ये लागणार म्हणाले तर रविवारी हळदीकुंकवाला सगळ्या जमतील तेव्हा मी ऑगस्ट सोडते आणि जून मागते. मेवरून त्यांचं भांडण चालू दे, जूनकडं अजून कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.