पिनियन सील, तिसरी खेप

मागच्या वेळी छाती ठोकून लिहिलं होतं, मागच्या ॲक्सलची गळती संपली. शब्द परत घेतो. पिनियनचं, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरच्या पुढे येणाऱ्या दांड्याचं, तिसरं ऑइल सील घातलं, साठेक किलोमीटर गाडी पळवली, रात्री खाली पुठ्ठा सरकवला. सकाळी पाहतो तर फ्लँजच्या (पिनियनच्या टोकावरची, प्रॉपेलर शाफ्ट जोडायची चकती) बरोब्बर खाली टिकलीएवढा काळपट डाग. गिअर ऑइलच आहे हे कळायला नाक जवळ न्यावं लागलं नाही.

पहिल्या दोन सिलांचं रडगाणं तुम्ही ऐकलंय. पहिलं मीच हातोडीने ठोकून तिरकं बसवलं, तिथे बोलायला जागा नाही. दुसरं सरळ बसलं तरी पाझरलं, कारण जुन्या सिलाच्या ओठाने फ्लँजवर चर पाडला होता. दिसत नव्हता, पण नख फिरवलं की अडकायचं. म्हणून या खेपेला फ्लँजवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवली. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे सील मूळ मापाचंच चालतं. ओठाला ऑइल चोळलं, ठोकायला सिलाच्या बाहेरच्या कडेएवढ्या पाइपाचा तुकडा घेतला. ज्यांच्याकडे असा तुकडा नाही त्यांनी सिलाला हातच लावू नये, असं माझं आता ठाम मत झालंय.

फ्लँज धरून ठेवणाऱ्या नटाची धास्ती वेगळीच होती. आत पिनियनच्या बेअरिंगांमध्ये क्रश स्लीव्ह, म्हणजे नट आवळला की दबणारी नळी आहे. नट जरा जास्त आवळला की ती दबते आणि मग मागे येत नाही, पिनियन उतरवून नवी घालावी लागते. उघडण्याआधी नट, पिनियन आणि फ्लँज तिन्हींवर पंचाने खूण केली होती. शिवाय दोन्ही ड्रम काढून फ्लँजला दोरी गुंडाळली आणि स्प्रिंग काट्याने ओढून फिरायला किती जोर लागतो ते लिहून ठेवलं होतं. नट खुणेवर आणून किंचित पुढे घेतला, पुन्हा ओढलं आणि काटा जवळपास त्याच आकड्यावर थांबला. त्या क्षणी गाडीखाली एकटाच हसलो, कबूल करतो. महागड्या टॉर्क पान्याने जे सांगितलं नसतं ते या साध्या काट्याने सांगितलं.

एवढं करूनही डाग.

वैतागून ऑइलची पातळी बघायला फिलर प्लग सैल केला. (भरायचा प्लग सुटतोय याची खात्री झाल्याशिवाय खालचा उघडायचा नाही, हा धडा पूर्वीच घेतलाय.) गाडी नुकतीच फिरून आली होती, हाऊसिंगला हात टेकवत नव्हता. प्लगचे शेवटचे दोन आटे राहिले आणि ‘फुस्स!’ पाव सेकंदाचा आवाज, पण डोक्यात लख्ख उजेड पडला. आत दाब कशाला असेल?

ब्रीदर. आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारी, ॲक्सलच्या नळीवरची ती बोराएवढी टोपी, जिच्याकडे मी तिन्ही वेळा साफ दुर्लक्ष केलं. बोटाने फिरवली तर हलेना. पक्कडने उपटून काढली, तर आत वाळलेल्या चिखलाचं घट्ट बूच. सुईने टोकरून काढावं लागलं. बंद डब्यातली हवा २० अंशांवरून ८० वर गेली की दाब साधारण एक पंचमांशाने वाढतो. तो जाणार कुठे? सिलाच्या ओठाखालून, ऑइल ढकलत. उलट, तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. मागे एकदा काढलेलं ऑइल दुधट का निघालं होतं, ते कोडंही आता सुटलं.

म्हणजे दुसरं सील कदाचित निर्दोषच होतं. चर होता हेही खरं, त्यामुळे स्लीव्ह वाया गेली असं म्हणणार नाही. स्वतःची समजूत म्हणा हवं तर.

आता टोपी कायमची रद्द. ८ मिलिमीटरचा, ऑइलला टिकणारा पाइप लावून तो वर इंजिनच्या खोलीत न्यायचा. बेत असा होता की दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारा डबा) अशा चारही ब्रीदरचे पाइप टी लावून एकत्र करायचे आणि शेवटी एकच छोटा फिल्टर. पण हे लिहितानाच शंका आली: एका टीचं जोड सुटलं आणि गाडी पाण्यात असली तर चारही डबे एकदम पाणी पिणार. शिवाय पाइप कुठे लोंबला तर त्या खोलगट भागात ऑइल साचून पुन्हा बूच. नकोच. चार स्वतंत्र पाइप, सतत चढते, वरची टोकं खाली वळवलेली. ॲक्सल वरखाली होतो, म्हणून चासीजवळ पाइपाला एक ढिला वळसा ठेवायचा. जास्तीचा पाइप लागेल, लागू दे.

सध्या फक्त मागचा जोडलाय. पुठ्ठा चार दिवस कोरडा आहे, रोजची तारीख त्याच्यावरच पेनने लिहितोय.

आनंदात एकच खडा. ड्रम काढले होते तेव्हा उजवीकडची बॅकप्लेट (ड्रममागची पत्र्याची ताटली) खालून ओलसर लागली होती. तेव्हा ब्रेक ऑइल समजून व्हील सिलिंडरवर संशय घेतला. काल बोट लावून वास घेतला, तर तोच ओळखीचा वास. दाबाने तिथलंही सील ढकललंय. म्हणजे उजवा शाफ्ट बाहेर, आणि ऑइल प्यायलेले ब्रेक शू थेट भंगारात. ते धुऊन किंवा जाळून वापरा असा सल्ला कृपया देऊ नका, ब्रेकच्या बाबतीत मी ऐकणार नाही. शाफ्ट काढल्यावर आधी नख फिरवून बघतो, मग सील मागवतो.