शाल, समई आणि दोन पानं

इंग्लंडात आल्यावर ज्या गोष्टींचं नवल वाटलं त्यांत ही एक: कोपऱ्यावरचा दुकानदार, शाळेसमोर हातात फलक धरून मुलांना रस्ता ओलांडून देणारी आजी, चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांना जेवण वाढणारी बाई, अशा माणसांना इथे राजाच्या नावाने पदक मिळतं. गोव्यातल्या डिचोलीत वाढलेल्या माणसाला अशा वेळी पहिला प्रश्न पडतो तोच मला पडला. वशिला कुणाचा?

वरच्या थरात वशिला चालतो, त्याची बोंब इथल्या वर्तमानपत्रांतही असतेच. पण खालच्या पायरीवरच्या पदकासाठी लागतो तो कागद. 'ब्रिटिश एम्पायर मेडल' हे त्याचं नाव. १९२२ पासूनचं, १९९३ मध्ये बंद केलेलं, २०१२ मध्ये पुन्हा सुरू झालेलं. कुणीही कुणाचंही नाव सुचवावं, फक्त स्वतःचं नाही. त्या माणसाने काय केलं ते सविस्तर लिहायचं, सोबत निदान दोघांची पत्रं जोडायची, आणि मग वर्ष-दीड वर्ष विसरून जायचं. नववर्षाला एक यादी निघते, दुसरी जूनमध्ये राजाच्या सरकारी वाढदिवसाला. (खरा वाढदिवस नोव्हेंबरात. जूनमध्ये हवा बरी असते म्हणून तो तेव्हा साजरा करतात, यावर मी अजून हसते.) पदक द्यायला राजवाडा नाही, जिल्ह्यातला राजाचा प्रतिनिधी, ज्याला लॉर्ड लेफ्टनंट म्हणतात, तो ते जवळपासच्याच एखाद्या हॉलमध्ये देतो.

दोन अटी मला विशेष वाटल्या. माणूस हयात आणि अजून त्या कामात असला पाहिजे. आणि त्याला यातलं काहीही कळता कामा नये. म्हणून आमच्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. स्विंडनपासून फार लांब नाही, एवढं पुरे. स्विंडन तुम्हांला वेगळं सांगायला नको. पोर्तुगीज पासपोर्टवर अर्धा साळशेत तालुका तिथे उतरलाय, असं आम्ही आपसांत म्हणतो.

आमचे दुकानदार गुजराती. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा सुमारे २८,००० माणसं ब्रिटनमध्ये आली, त्यांतल्या एका घरातला हा मुलगा. आता सगळा गाव त्यांना काका म्हणतो, गोरे लोकही. त्यांना ते नावच वाटतं. दुकानात पेपर, दूध, पाव आणि एका कोपऱ्यात पोस्टाची खिडकी. गावातली बँकेची शाखा बंद झाल्यापासून म्हाताऱ्यांचे पैसे काढायचे ते त्याच खिडकीतून.

त्यांचं नाव सुचवायचं ठरवलं ते समोर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेने. एक पत्र तिने माझ्याकडून मागितलं. मी म्हटलं, लिहिते की, फार भले गृहस्थ आहेत. तिने चहा ओतता ओतता मान हलवली. भले, प्रेमळ, कष्टाळू यांतलं काही नको. ते नसते तर काय झालं नसतं, तेवढंच लिही.

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय. मी लिहायला बसले आणि आठवत गेलं. २०१८ च्या मार्चात बर्फाने रस्ते बंद झाले तेव्हा काकांनी लहान मुलांच्या घसरगाडीवर दूध-पाव लादून टेकडीवरच्या घरांत पोचवला होता. २०२० च्या टाळेबंदीत औषधांच्या पिशव्या दारोदारी टाकल्या होत्या. आणि आपल्याकडून नव्याने आलेली जोडपी! हातात कागदांचं भेंडोळं, इंग्रजी कळतं पण सरकारी इंग्रजी कळत नाही. डॉक्टरकडे नाव कसं घालायचं, नॅशनल इन्शुरन्सचा नंबर कुठून आणायचा, घरमालकाने अनामत बुडवली तर कुणाकडे जायचं, हे सगळं त्यांनी पोस्टाच्या खिडकीतून कितीजणांना समजावलंय. हे लिहिताना एकही विशेषण लागलं नाही.

आता या पद्धतीचं फार कौतुक करत सुटू नये. कागद खोटंही बोलतो, आणि इथे तो बोललाच. १९९९ ते २०१५ या काळात होरायझन नावाच्या संगणक प्रणालीतल्या दोषांमुळे पोस्टाच्या हिशेबात तूट दिसू लागली आणि ९०० हून अधिक पोस्टचालकांवर चोरी-अफरातफरीचे गुन्हे लागले. गावच्या कोपऱ्यावरची साधी दुकानदार माणसं ही, त्यांत आपले भारतीयही बरेच. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं घर गेलं. त्या पोस्ट ऑफिसच्या प्रमुख बाई पॉला व्हेनेल्स यांना २०१९ मध्ये 'पोस्टाच्या सेवेबद्दल' वरच्या दर्जाचा किताब मिळाला! तो २०२४ मध्ये काढून घेतला गेला. आणि वेल्समधल्या लॅन्डुड्नोचे ॲलन बेट्स, ज्यांनी वीस वर्षं हा लढा चालवला, त्यांनी त्या बाईंकडे किताब असेपर्यंत आपल्याला देऊ केलेला किताब घेतला नव्हता. त्यांना २०२४ मध्ये सर ही पदवी मिळाली. आमचे काका पोस्टाच्या खिडकीमागे हे सगळं टीव्हीवर बघत होते. एक अक्षर बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात रोकड रोज दोनदा मोजायचे.

शिवाय पदकाच्या नावात अजून 'एम्पायर' आहे. बेंजामिन झेफानाया या कवीने २००३ मध्ये याच शब्दावरून किताब नाकारला होता. १९६१ पर्यंत दुसऱ्या एका, पोर्तुगीज साम्राज्याखाली राहिलेल्या गावातून आलेल्या मला तो शब्द टोचतो. काकांना टोचेल का, हे विचारायची सोय नाही.

हे सगळं चालू असतानाच दादाचा फोन आला. आमचा दादा गावच्या उत्सव समितीत. जत्रेतल्या नाटकाच्या रात्री गावच्या पसरकाराचा, म्हणजे किराणा दुकानदाराचा, सत्कार करायचा होता, वर्गणी पाठव. आम्ही त्यांना मामा म्हणतो. शाळेत जाताना त्यांच्या दुकानातून पेन्सिल, येताना चिकी, असा आमच्या अख्ख्या पिढीचा हिशेब.

तुम्हांला हा सत्कार कसा असतो ते ठाऊक आहेच, पण एकदा परक्यासारखं बघा. नाटकाचा दुसरा अंक संपतो. पडदा पडतो. आत शिवाजीमहाराजांची दाढी सुटलेली, ती चिकटवायला वेळ हवा, म्हणून सत्कार. आमदार अजून आलेले नाहीत, म्हणून सूत्रसंचालक शेर म्हणतो. मग ते येतात, शाल, श्रीफळ, पितळेची समई, फोटो, आणि भाषणात 'यांच्या कार्याबद्दल मी काय बोलावं, तुम्ही सगळे जाणताच'. पोरं मागून ओरडतात, नाटक सुरू करा. उत्सवमूर्ती समई हातात घेऊन कुठून उतरायचं ते शोधत असते.

त्यांचं कार्य खरंच सगळे जाणतात का? मला तिथेच शंका आहे.

मोठ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या नावाने विटा-सिमेंट उभं आहे. धेंपे आणि चौगुले ही दोन्ही महाविद्यालयं १९६२ ची, म्हणजे गोवामुक्तीनंतर लगेचची. उद्योगपतींच्या पैशातून गोव्याच्या पोरांना पदवीपर्यंतचं शिक्षण घरी मिळालं. चौगुल्यांचा 'गोमन्तक' मार्च १९६२ चा, धेंप्यांचा 'नवहिंद टाइम्स' पुढच्या वर्षीचा. भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक, ते १९६३ च्या डिसेंबरात पहिले मुख्यमंत्री झाले. त्याही आधी जाल तर १९०८ साली पणजीत व्यापाऱ्यांनी आपली संघटना उभी केली, जिला आज आपण गोवा चेंबर म्हणतो. आणि त्याच साली पणजीतच घरोघरून मूठ-मूठ तांदूळ गोळा करून मराठी शिकवणारी मुष्टिफंड संस्था सुरू झाली. व्यापाऱ्यांची नावं शोधली तर सापडतात. मूठभर तांदूळ कुणाकुणाच्या घरातून आले, ते कोण सांगणार?

आणि देवळातला मान तर कामाचा नव्हेच, वांगडाचा, म्हणजे घराण्याचा. नारळ आधी कुणाला, प्रसाद कुणाच्या हातात, हे आजोबांच्या आजोबांनी ठरवलेलं. त्यावरून आपल्याकडे कोर्टकज्जे होतात. गावासाठी राबलेल्याला त्या रांगेत जागा नसते. म्हणून पडद्यापुढचा हा सत्कार मला खरं तर आवडतो, तिथे निदान पसरकार चढू शकतो.

तर मी दादाला म्हटलं, वर्गणी पाठवते, पण मानपत्र कोण लिहितंय? तो म्हणाला, "अगो, छापखान्यात तयार असतं. नाव घालायचं फक्त." मग मीच अंगावर घेतलं. गावच्या व्हॉट्सॲप गटावर शिक्षिकाबाईंचा प्रश्न आपल्या भाषेत टाकला: मामांचं दुकान नसतं तर तुमच्या घरात काय झालं नसतं?

पहिले दोन दिवस हात जोडलेली चित्रं आणि 'देवमाणूस'. तिसऱ्या दिवशी एकाने रात्री उशिरा लिहिलं. त्याचा टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा, बँकेचा हप्ता चालू. मामांनी त्याला सव्वा वर्ष तांदूळ, तेल, साखर वहीवर दिलं आणि एकदाही बायकोसमोर विषय काढला नाही. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, आमचंही. मग तिसऱ्याने, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची ८८ लीज रद्द केली तेव्हाचं. खाणपट्ट्यातल्या आमच्या गावात सरकारच्या मदतीचे अर्ज भरले जात होते तेव्हा चूल पेटत होती ती या वहीवर. गावची असून मला हे माहीत नव्हतं, कारण ज्याने घेतलं तो सांगत नाही आणि ज्याने दिलं तो त्याहून सांगत नाही.

आणखीही आलं. रात्री-अपरात्री त्यांची माल आणायची व्हॅन निघायची ती बांबोळीला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, रुग्ण घेऊन. गावच्या एका मुलीचा जन्म त्याच व्हॅनमध्ये, साखळीच्या पुढे. दुकानाच्या बाकावर पेपर ठेवलेला असायचा, तो फुकट वाचून दोघे-तिघे स्पर्धा परीक्षेला बसले. पंचायतीत एकदा निवडून आले, तेव्हा सरणाच्या लाकडांसाठी स्मशानात शेड बांधून घेतली. पावसात भिजल्या लाकडांनी आपला माणूस जाळावा लागलेल्यालाच त्या शेडची किंमत कळेल.

दोन पानं झाली. दादाने ती आधी मामांना वाचून दाखवली, कारण आपल्याकडे गुप्त ठेवायची पद्धत नाही. व्हॅन, पेपर, शेड यांवर ते काही बोलले नाहीत. वहीचा परिच्छेद आला तसे म्हणाले, "हे काढ. नाव नसलं तरी टिपर कुणाकुणाकडे होते ते गावाला माहीत आहे. समोर बसलेले असतील ते."

मी इकडून फोनवर वाद घातला. तोच तर सगळ्यात मोठा पुरावा! दादा म्हणाला, ते ऐकत नाहीत, आणि मला वाटतं बरोबर आहेत. शेवटी परिच्छेद निघाला. जत्रेच्या रात्री दादाने उरलेलं पानभर वाचलं, आमदार यायच्या आत, आणि पोरं ओरडली नाहीत असं तो सांगतो. तो माझा सख्खा भाऊ असल्याने यातलं थोडं वजा करते.

इथल्या पत्रात मात्र मी काकांच्या खिडकीशी येणाऱ्यांच्या अडचणी बिनदिक्कत लिहून टाकल्या होत्या. नावं नाहीत, पण आमच्या गल्लीत आपली घरं किती? मामांशी झालेल्या वादानंतर ते पत्र काढून पुन्हा वाचलं, आणि शिक्षिकाबाईंना विचारून दोन ओळी बदलल्या. पत्र गेलंय. पुढचं देव आणि लंडनमधली समिती जाणे.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. पद्म पुरस्कारांसाठीही कुणीही नागरिक नाव सुचवू शकतो, तिथे तर स्वतःचंही चालतं. आठशे शब्दांच्या आत त्या माणसाचं काम लिहायचं असतं. जंगलातून गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवणाऱ्या लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री मिळाली ती २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर. ते केंद्र १९५५ ते १९६१ पर्यंत चाललं होतं. मधल्या काळाचा हिशेब तुम्हीच करा.

माझं पुढचं पान ठरलंय: पाटी घेऊन आपल्या दारी येणारी मासळीवाली. गावच्या उत्सव समितीत कुणी म्हणालं म्हणे, मासळी विकण्यात कसली आली सेवा, पैसे घेते की ती. पैसे तर मामाही घेत होते, आणि खाणमालकही. चवथीला मी घरी येतेय, तेव्हा तिच्याशी बसून बोलणार आहे, आणि काय लिहायचं नाही तेही तिलाच आधी विचारणार आहे. तोवर कुणाच्या घरची काही आठवण असेल तर कागदावर लिहून दादाकडे द्या. 'फार चांगली बाई' एवढंच लिहिलंत तर परत पाठवीन.