बिलाच्या प्रॉपर्टीतली एक ओळ

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. चौघांचं ऑफिस. पुण्याची एक कंपनी ते पुढे विकायला तयार झाली होती. करार सहीपर्यंत आला आणि त्यांच्या वकीलबाईंचा मेल आला. सोबत आम्हीच पाठवलेलं नमुन्याचं बिल. बाईंनी फक्त पीडीएफची प्रॉपर्टी, म्हणजे फाइलची माहिती, उघडली होती. 'प्रोड्यूसर'पुढे आयटेक्स्टचं, म्हणजे पीडीएफ बनवणाऱ्या तयार कोडचं (लायब्ररीचं) नाव आणि कंसात 'एजीपीएल-व्हर्जन', म्हणजे त्याच्या लायसन्सचा प्रकार.

ती लायब्ररी मीच घातली होती. सर एवढंच म्हणाले, "फुकट ते पौष्टिक, काय?"

एमआयटी किंवा अपाची अशा सैल अटींचं लायसन्स असतं, तर कॉपीराइटची नोटीस आणि लायसन्सची प्रत सोबत दिली की बहुतेक काम भागलं असतं. एजीपीएलचं तसं नाही. प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला दिला की अख्ख्या प्रोग्रॅमचा सोर्स कोडही त्याच लायसन्सखाली द्यायचा. ते नको असेल तर व्यावसायिक लायसन्स विकत घ्यायचं. आयटेक्स्ट २००९ मध्ये, पाचव्या आवृत्तीपासून एजीपीएलवर गेलं. त्याआधी ते एलजीपीएलखाली मिळायचं, ज्यात आपला स्वतःचा कोड द्यावा लागत नाही. मी जुन्या आवृत्तीबद्दल वाचलं आणि नवी उतरवली. लायसन्सची फाइल जारमध्येच (जावाच्या कोडच्या गठ्ठ्यातच) होती, म्हणा.

जुन्या कोडवरूनच निघालेलं ओपनपीडीएफ एलजीपीएलवर आहे, ते घ्यायचं ठरलं. आमच्या कोडमध्ये 'आयटेक्स्टपीडीएफ'च्या जागी 'लोवागी' असं पॅकेजचं नाव बदललं की झालं, असं वाटलं होतं. पण रंगांचा 'बेसकलर' क्लास जुन्यात नाहीच. तिथे जावाचाच 'कलर' लागतो. शंभरेक एरर. रात्री अकराला पहिलं बिल निघालं. शिवाय एलजीपीएलप्रमाणे गिऱ्हाइकाला ती लायब्ररी स्वतः बदलता यायला हवी, म्हणून सगळं एका जारमध्ये कोंबणं सोडून ती वेगळी ठेवली.

राहिले आधीच सॉफ्टवेअर दिलेले जुने कारखाने. एजीपीएलच्या आठव्या कलमानुसार, उल्लंघन थांबवल्यावर ६० दिवसांत कॉपीराइटच्या मालकाची नोटीस आली नाही तर लायसन्सचे गेलेले हक्क कायमचे परत मिळतात. म्हणून आधी थांबवणं गरजेचं होतं. नवी आवृत्ती घातलेला पेनड्राइव्ह खिशात टाकून मी दोन दिवस कारखाने पालथे घातले.

एका मॅनेजरकाकांनी जुनं आणि नवं बिल शेजारी धरून चष्मा वर केला.

"रेघ जाड झाली की ओ," म्हणाले. "बाकी काय बदललं?"

"काही नाही, काका," म्हटलं.