अर्धी कातरलेली चावी

शाळेच्या मैदानावरचं ते लॉनमोअर, म्हणजे गवत कापायचं मशीन, माझ्याकडे तीन वेळा आलं. दोष तिसऱ्या वेळी सापडला. तोवर तिथल्या माळीमामांच्या पगारातून पैसे कापले गेले होते, आणि कापायला निमित्त झालं होतं माझं एक वाक्य. ते डोक्यातून जात नाही.

कोल्हापूरजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. शेतीपंप, फवारणीपंप, पॉवर वीडर, ग्रासकटर हे रोजचं काम. चाकांचे लॉनमोअर वर्षाला चार-पाच येतात. हे उभ्या शाफ्टचं फोर स्ट्रोक इंजिन, पातं थेट क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या शाफ्टच्या, खालच्या टोकाला बसवलेलं. टेम्पोत घालून शाळेचा क्लार्क घेऊन आला. "मिसिंग करतंय, दम नाही, उंच गवतात घातलं की बंद पडतं."

असं इंजिन आलं की पहिला संशय पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवर, आणि तो बहुतेक वेळा खराही ठरतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, आणि पाणी त्याच्या सोसण्यापलीकडे गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. पावसाळ्यात अर्धवट भरलेला कॅन शेडमध्ये राहिला तर त्यात कुणी काही घालायची गरज नसते. कार्बोरेटरचा बाऊल, म्हणजे पेट्रोल साठायची वाटी, खोलला तर तळाला पाण्याचे थेंब घरंगळत होते, जेटवर, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकावर, पांढरट हिरवी खपली. जेट, नळी, सुई सगळं साफ केलं, ताजं पेट्रोल घातलं, मशीन चालू करून दाखवलं. क्लार्कनं कारण विचारलं. मी म्हणालो, "पेट्रोलमध्ये पाणी आहे."

एवढंच म्हणालो. पाणी कसं येतं ते सांगितलं नाही. दुकानात तीन माणसं थांबली होती.

पंधरा दिवसांत मशीन परत. पुन्हा कार्बोरेटर. बाऊलमध्ये या वेळी पाण्याचा थेंब नव्हता, स्वच्छ होता, आणि मी तिथंच थांबायला हवं होतं. त्याऐवजी नवा प्लग घातला, गॅप ०.७५ मिलिमीटर ठेवला, इनटेकचं गॅस्केट हवा ओढतंय का पाहिलं, टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं केलं. वर्कशॉपमध्ये मशीन बरं चाललं. पण वर्कशॉपमध्ये गवत नसतं. लोडशिवाय बरीच आजारी इंजिनं धडधाकट वाटतात. रस्सी ओढताना मला एकदा उलटा हिसका जाणवला होता. गार इंजिन आहे म्हणून सोडून दिला.

तिसऱ्या वेळी क्लार्क रजेवर होता, म्हणून माळीमामा स्वतः मशीन घेऊन आले. आमच्या धंद्यातली ही मोठी अडचण आहे: मशीन चालवणारा माणूस वर्कशॉपपर्यंत कधी येतच नाही. येतो तो बिल घेणारा.

मामांनी उजवा हात पुढं केला. दोन बोटं सुजलेली. "मिस्त्री, रस्सी हिसकून घेतंय हातातनं. लई जोरात."

"कधीपासनं, मामा?"

"गॅदरिंग झालं तवापासनं. मांडववाल्याची लोखंडी खुटी ऱ्हायली हुती गवतात. पातं आदळलं आन् मशीन जाग्यावर गप्प."

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. कार्बोरेटर खोलायचाच नव्हता.

प्लगची कॅप काढली, एअर फिल्टरची बाजू वर राहील असं मशीन कलवलं, नाहीतर ऑईल कार्बोरेटरमध्ये उतरतं. पात्याची दोन्ही टोकं फिरवून एकाच जागी मोजली. अंतर सारखं भरलं, म्हणजे क्रँक वाकला नव्हता. मग वरचं कव्हर काढून नट सोडवला आणि शाफ्टच्या वरच्या टोकाचं जड चाक, फ्लायव्हील, पुलरनं उचललं. हातोडी घालून फ्लायव्हील काढणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यात फ्लायव्हीलवरचा ठिणगी पाडणारा मॅग्नेटही जातो आणि शाफ्टही.

चावी समोर आली, फ्लायव्हील आणि शाफ्टच्या खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा. अखंड दिसत होती, पण मधोमध कातरून पायरी पडली होती, साधारण एक मिलिमीटरची. खुंटीवर पातं अडकलं तेव्हा क्रँक जागीच थांबला, वरचं जड फ्लायव्हील मात्र तसंच पुढं फिरलं. फ्लायव्हीलची खरी पकड शाफ्टच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या भागावर, असते. मॅग्नेट नेमका कुठं यायचा हे चावी ठरवते. शाफ्ट २० मिलिमीटरचा धरला तर घेर ६३, म्हणजे एक मिलिमीटरला जवळपास ६ अंश. तेवढी ठिणगी आधी पडत होती. पिस्टन पुरता वर यायच्या फार आधी पेट्रोल पेटत होतं आणि इंजिन बॅक मारत होतं, म्हणजे उलटं ढकलत होतं. मामांची बोटं त्यानं सुजली होती.

नवी चावी घातली. टेपर कोरडा पुसला, तिथं ऑईलचा थेंबही चालत नाही. ठिणगीची कॉइल आणि मॅग्नेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड धरून गॅप लावला, नट टॉर्क रेंचनं आवळला. मागच्या मोकळ्या जागेतल्या गुडघाभर गवतात मामांनीच मशीन घातलं. एकदाही अडखळलं नाही.

निघताना मामा थांबले. "मिस्त्री, ते पान्याचं तेवढं साहेबास्नी सांगा. मी पेट्रोल काढून पानी घालतोय म्हनून दोन महिने ५०० रुपये कापल्यात."

मला काही बोलताच येईना.

क्लार्कला त्याच दिवशी फोन केला. पाणी कुणी न घालताही कसं साठतं ते सांगितलं, बंद पडायचं कारण चावी होती हेही सांगितलं. तो म्हणाला, "बघतो." बिलावर मी दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आणि सही केली. आठ दिवसांनी मैदानाकडून जाताना मामा गवत कापताना दिसले. मशीन झकास चालतंय म्हणाले. पैशाचं विचारलं तर नुसती मान हलवली.

तसाच ऑफिसात गेलो. मुख्याध्यापिका मीटिंगमध्ये होत्या, तासभर बसून परत आलो. ती कातरलेली चावी माझ्या खिशातच आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे.