व्यवसायाचे स्वरूप (एकच लिहावे)

नोकरी सोडणं सोपं गेलं. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कंपनीत 21 वर्षं अकाउंट्स सांभाळले, 47व्या वर्षी राजीनामा दिला आणि महिन्याभरात सुटलो. घरातलं रुसणं-फुगणं झालं. साडूंचं 'एक ना धड, भाराभर चिंध्या' हेही पचवलं. (त्यांना काय ठाऊक, पुस्तकाच्या कण्याला चिंध्याच लागतात.) अडलो तो बँकेच्या फॉर्मवरच्या चार बोटं रुंद रकान्यात.

माझी कामं तीन. जुन्या पुस्तकांची बांधणी, तीही जुजबंदी करून, हाताने शिवून. दुकानांच्या पाट्या रंगवणं. आणि पोरांना कागदाच्या लगद्याचे मुखवटे शिकवणं. हे शेवटचं खूळ बडग्यांतून आलं. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत निघणाऱ्या पुतळ्यांची, म्हणजे बडग्यांची, तोंडं मी कॉलेजात असल्यापासून करतो. नोकरी होती तोवर हे सगळे छंद होते आणि कोणाची काही तक्रार नव्हती. पैसे घ्यायला लागलो तशी 'आता नक्की काय ते एक धरा ना जी' सुरू झालं. पण एक धरून पोट भरत नाही. पावसाळ्यात पाट्या बंद, तेव्हा बांधणी. शाळांना सुट्ट्या लागल्या की मुखवट्यांची शिबिरं. दसऱ्या-दिवाळीआधी पाट्यांना उसंत नसते.

एका शाळेला शिबिराचे पैसे व्यवसायाच्या नावानेच द्यायचे होते, म्हणून करंट खातं हवं होतं. मे महिना, बाहेर 45 अंश, शाखेतला कूलर कर्मचाऱ्यांकडे तोंड करून. काउंटरवरच्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील.

"काका, व्यवसायाचं स्वरूप एकच लिहा. नेमकं काय करून राहिले तुम्ही?"

तीन कामं सांगितली.

"मेन कोणतं?"

"ते महिन्यावर आहे."

त्यांनी पेन खाली ठेवला. मी मुकाट्याने 'बुक बाइंडिंग' लिहिलं. तिथेच चुकलो.

एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाला साधारणपणे दोन पुरावे मागतात. माझ्याकडे उद्यम, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी होती आणि गुमास्ता, म्हणजे दुकान कायद्याचा कागद होता. (उद्यम सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. गुमास्त्याचंही, माणसं मोजकीच असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, त्याची पावती मिळते.) दुसऱ्या खेपेला दोन्ही घेऊन गेलो. एका कागदावर नावात 'अँड' अक्षरांत, दुसऱ्यावर त्याचं चिन्ह. परत. चिडलो खरा, पण 21 वर्षं मी स्वतः लोकांची बिलं असल्याच कारणांनी परत पाठवली आहेत, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. गुमास्ता दुरुस्त करून घेतला.

तिसऱ्या खेपेला शाळेचं पत्र जोडलं. मला वाटलं, काम आहे याचा पुरावाच झाला. मॅडमनी ते दोनदा वाचलं. "काका, इथे मुखवटे आहेत. फॉर्मवर बाइंडिंग आहे. उद्यमवर पण बाइंडिंगच आहे. मग हे पैसे कशाचे?" त्या दिवशी मी जरा मोठ्यांदा बोललो. गार्ड उठून उभा राहिला. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, तेव्हा कळलं की बाई बरोबर आहे. पहिल्या दिवशी शहाणपणा करून मीच दोन कामं लपवली होती.

म्हणून सांगतो, उद्यममध्ये कामं भरताना आळस करू नका. एका पॅनवर नोंदणी एकच, पण तिच्यात कामं अनेक घालता येतात आणि नंतरही वाढवता येतात, तेही फुकट. तिथल्या यादीत प्रत्येक कामाला एक आकडा असतो: 1812 या छपाईच्या सेवांत बांधणी बसते, 8542 म्हणजे सांस्कृतिक शिक्षण, 9000 म्हणजे सर्जनशील कला. पाट्यांचं काम कोणत्या आकड्यात बसवायचं यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

चौथ्या खेपेला मॅडमनी स्क्रीनच माझ्याकडे वळवली. व्यापारी, उत्पादक, डॉक्टर, वकील, अशी यादी सरकत गेली. सगळ्यात खाली 'इतर'. त्यांनी ते निवडलं.

"हे पहिल्याच दिवशी होत होतं ना, मॅडम?"

"पहिल्या दिवशी तुम्ही बाइंडिंग लिहिलं, काका."

मधेच आठवलं म्हणून: कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. स्वतःचा आधी घ्या, मग राजीनामा. मी उलटं केलं आणि तीन महिने पायरी उतरतानाही कठडा धरत होतो. प्रोफेशन टॅक्सचे वर्षाला 2500 आता आपले आपण भरायचे, पगारातून कापायला कोणी नाही.

मग पाहणी. बँकेचा पोरगा उद्या सकाळी येणार, दारावर व्यवसायाची पाटी पाहिजे, असा संध्याकाळी फोन. गावभर पाट्या रंगवल्या, स्वतःच्या दारावर एक नाही. रात्री प्लायचा तुकडा शोधला, पिवळा हात मारला. वर नाव. त्याखाली फक्त 'कलाकाम' लिहावं असं हिने सुचवलं. मी तिन्ही कामं लिहिली, तीन ओळींत. शेवटची ओळ दाटीवाटीने बसली, 'मुखवटे' तर जरा खालीच घसरले. ऑइलपेंट सकाळी दहापर्यंत ओलाच होता.

पोराने मला पाटीशेजारी उभं केलं, मोबाइल आडवा धरला, फोटो काढून मला दाखवला. मी, दार आणि वरच्या ओळी आल्या होत्या. मुखवटे कापले गेले होते.

"चालते, काकाजी," म्हणाला आणि गाडीला किक मारली.