साडेसहाशे पौंडांचा निळा रंग

इंग्लंडमध्ये गाडीच्या 'ऑन द रोड' किमतीत व्हॅट, नंबरप्लेट, डिलिव्हरी आणि पहिल्या वर्षाचा रोड टॅक्स धरलेला असतो. आपल्याकडे एक्स-शोरूम ऐकून हुरळलेला माणूस ऑन-रोड ऐकून जमिनीवर येतो, तसं इथे होत नाही. इथे खिसा कापला जातो तो वेबसाइटवर आवडीनुसार गाडी सजवताना.

जादा पैसे न लागणारा रंग बहुधा एखादाच, आणि नेमका तोच कोणाला नको असतो. मेटॅलिकला सहा-सातशे पौंड. काचेचं छत, मोठी चाकं, भारी स्पीकर. प्रत्येकासमोर 'महिना फक्त बारा पौंड' छापाचा आकडा. बहुतेक लोक गाडी हप्त्यावर किंवा लीजवर घेतात, त्यामुळे एकूण बेरीज करायला कोणी बसत नाही.

माझा एक नाशिककर मित्र ४९,६०० पौंडांच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीसाठी निळ्या रंगावर अडून बसला होता. रंगाचे ६५०, बेरीज ५०,२५०. मेख इथेच आहे. एप्रिल २०२५ पासून नोंदलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांनाही महागड्या गाड्यांवरचा जादा रोड टॅक्स लागू झाला. मर्यादा होती ४०,०००. एप्रिल २०२६ पासून इलेक्ट्रिकसाठी ती ५०,००० झाली. ती ओलांडली की दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं, नेहमीच्या टॅक्सशिवाय वर्षाला चारशेहून जास्त पौंड. म्हणजे निळा रंग पडला अडीच हजारांच्या वर! "अरे, पण डीलर दोन हजार कमी करतोय ना?" करू दे की. सरकार छापील किंमत बघतं, आणि कारखान्यातून बसवून आलेले एक्स्ट्रा त्यात मोजतं.

वहिनींनी हिशेब ऐकला. "पांढरीच घ्या. नाहीतरी धुणार कोण आहे?"

सगळ्या यादीत मी आग्रह धरेन तो हीट पंपाचा. बऱ्याच मॉडेल्सवर तोही एक्स्ट्राच, हजारेक पौंडांना. पेट्रोल गाडीत इंजिनाची आयती ऊब मिळते. इलेक्ट्रिकमध्ये हिटर बॅटरीच खातो, आणि हीट पंप तेच काम कमी विजेत करतो. इथल्या हिवाळ्यात हा फरक रोज जाणवतो. मोठ्या चाकांचं उलटं: आधी जास्त पैसे मोजा, मग एका चार्जमध्ये कमी अंतर जा, आणि टायर बदलायची वेळ आली की पुन्हा जास्त मोजा.