तुम्ही विचारलंत म्हणून: तोच शब्द पुन्हा पुन्हा का?

वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणारी मुलं आणि त्यांचे पालक मला हमखास विचारतात, ‘निबंधात तोच शब्द परत आला की बाई लाल रेघ मारतात आणि तुम्ही भाषणात तो मुद्दाम आणायला सांगता. खरं काय धरायचं?’

दोन्ही. दुसरं काही सुचलं नाही म्हणून शब्द परत आला असेल तर रेघ मारावीच. मुद्दाम आणला असेल तर मी एवढंच बघतो, तो परत आल्यावर मुद्दा पुढे सरकला का?

महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या (१८८३) ओळी बघा. विद्येविना मती गेली, मतीविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले. ‘गेली’ घणासारखी पडत राहते. शिवाय एका ओळीत जे गेलं, त्यानेच पुढची ओळ सुरू होते. आधीचं नुकसान पुढच्याचं कारण ठरतं. ‘म्हणून’ हा शब्द एकदाही न वापरता! चारदा ऐकल्यावर कान पाचव्या ‘गेले’ची वाट बघतो, तिथे येतं ‘खचले’. तोवर मती, नीति, वित्त जात होतं, आता माणसं खचली. मग शेवटची ओळ सगळा हिशेब एकाच गोष्टीच्या नावावर टाकते: इतके अनर्थ एका अविद्येने केले.

आता दुसऱ्या ओळीत ‘मती’ऐवजी ‘बुद्धी’ घाला, तिसरीत ‘नीति’ऐवजी ‘सदाचार’. अर्थ फारसा बिघडत नाही, पण साखळी तुटते.

रामदासांच्या मनाच्या श्लोकांतलं ‘मना’ वेगळ्या जातीचं. तो शब्द मुद्दा पुढे नेत नाही, ती हाक आहे. श्लोक २०५ असल्यामुळे ऐकणाऱ्याला अधूनमधून हाक मारावीच लागते. (हाक मारणारा आणि ऐकणारा एकच, हे आणखी गमतीचं.)

भाषण ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, म्हणून तिथे परत आलेला शब्द आधार देतो. छापील मजकुरात तोच शब्द दोनदा डोळ्यांसमोर दिसत असतो, तेव्हा हात जरा आखडताच बरा.

स्पर्धेत मात्र ‘आजचा तरुण’ सहा-सात वेळा येतो आणि दर वेळी मोबाइलच बघत असतो. मी त्यातले तीन ठेवायला सांगतो. तिन्ही वेळा त्या तरुणाने काहीतरी वेगळं केलं पाहिजे, ही अट.